हात लावू नये

पौड मागं टाकून मुळशीच्या तळ्याकडं निघालं की डाव्या हाताला उतारावर एक लांबोडका बंगला लागायचा. धरणाच्या कामावेळी कुणा ठेकेदारानं तो बांधला होता. ठेकेदार गेला, मग बरीच वर्षं तिथं शेरडं आणि वटवाघळं नांदली. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील-नसतील, तोवर पुण्याच्या काही दयाळू मंडळींची नजर त्या बंगल्यावर पडली. त्यांनी भिंतींना चुना फासला, फाटकावर ‘संध्यानिवास’ अशी लोखंडी कमान उभारली आणि आत म्हातारी माणसं आणून ठेवली.

गोजराबाई त्यांतलीच एक, पण तिला कुणी आणून ठेवलं नव्हतं. ती आपल्या पायांनी आली होती. रिहे गावची बाई, सत्तरीच्या पुढची, हाडापेरानं जबर आणि तोंडानं त्याहून जबर. नवरा भर उमेदीत गेला, मूलबाळ नाही. तरी भाताची खाचरं तिनं उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या ताब्यात दिली नाहीत. गुडघे बोलायला लागल्यावर मात्र दिराचा मुलगा बहिरू याच्यावर कारभार सोपवला. बहिरू वाईट नव्हता. गोजराबाईच्या मते तो कसलाच नव्हता. ओल्या सरपणासारखा. फुंकून फुंकून आपल्या डोळ्यांत पाणी यायचं, जाळ म्हणून दिसायचा नाही. त्याची बायको एकदा शेजारणीला म्हणाली, "नानींचं काय, खायाचं आन् पडवीत बसायचं." गोजराबाईनं ते ऐकलं. ती भांडली नाही. भांडायलासुद्धा समोरचं माणूस त्या तोडीचं लागतं, असं तिचं मत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं गाठोडं बांधलं आणि पौडची वाट धरली. बहिरू "नानी, नानी" करत बांधापर्यंत मागं आला. तिनं वळून पाहिलं नाही.

संध्यानिवास तिनं निवडला तो जैनबबीमुळं. जैनबबी पौडच्या बाजारातली मणेरीण. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन तिनं रिह्याचं अख्खं खोरं पायाखाली घातलं होतं. गोजराबाईच्या लग्नातला चुडा तिनं आणि तिच्या सासूनं भरला होता. पुढं नवरा गेल्यावर गोजराबाईची मनगटं रिकामी झाली, तरी ही बांगडीवाली तिच्या दारात यायची थांबली नाही. उंबऱ्यात बसायची, तांब्याभर पाणी प्यायची, खोऱ्यातल्या बातम्या सांगायची आणि आपल्याच बोलण्यावर हसायची. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भाच्यांनी दुकान घेतलं होतं आणि तिला इथं खिडकीजवळची खाट मिळाली होती. गोजराबाईनं शेजारची खाट धरली.

"आलीस व्हय गं?" जैनबबी म्हणाली. "मला वाटलं, तू सोताच्या वट्यावरच मरशील."

"मरायला न्हाई आले," गोजराबाई म्हणाली. "तुझी बडबड ऐकायला आले. तितं समदी मुकी माणसं."

बाकीच्या संध्यानिवासाकडं मात्र ती नाक मुरडूनच पाहायची. पातळ आमटीकडं, सकाळच्या सक्तीच्या प्रार्थनेकडं, दर महिन्याला फळं वाटायला येऊन स्वतःचे फोटो काढून घेणाऱ्या पाहुण्यांकडं. आणि सगळ्यांत जास्त वाल्मीककडं.

वाल्मीक तिथला सुपरिंटेंडंट. चाळिशीचा, केसांना भरपूर तेल लावणारा, परीटघडीचा सदरा घालणारा माणूस. पूर्वी तो एका फिरत्या नाटक कंपनीत पडदे आणि देखावे सांभाळायचा. कंपनी बुडाल्यावर कुणाच्या तरी ओळखीनं इथं चिकटला. म्हाताऱ्या माणसांपैकी एकाचंही नाव त्याला धड ठाऊक नव्हतं, पण पाहुणे यायचे असले की कुणाला कुठं बसवायचं, कुणाच्या अंगावर कोणतं पांघरूण टाकायचं, हे त्याला बरोबर कळायचं.

बंगला वर होता, आणि न्हाणी व संडास उताराच्या तळाशी. मधे दगडी पायऱ्या. एकीची उंची दुसरीला मिळत नव्हती. ठेकेदाराचे तरणे गडी तिथून उड्या मारत जात असतील. म्हातारी माणसं बसून, खरडत उतरायची. मागल्या पावसाळ्यात नेऱ्याचा कोंडिबा त्याच पायऱ्यांवर घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. ते वाकडंच बसलं. कोंडिबा असा गरीब, की त्या वाकड्या हातानं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालायचा, वाल्मीकलासुद्धा. गोजराबाईला त्याची कीव यायच्या ऐवजी तिडीकच यायची.

हिवाळ्यात सरकारी तपासनीस आले. त्यांनी पायऱ्या पाहिल्या, कोंडिबाचा हात पाहिला आणि संध्यानिवास चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना बजावून गेले: पायऱ्यांना कठडा पाहिजे. उन्हाळ्यात परत येईन. कठडा असेल तर सरकारी मान्यता, नसेल तर नाही.

या अध्यक्षा म्हणजे पुण्याच्या लीलाबाई. त्यांनी वाल्मीकला सांगितलं, वाल्मीकनं मान डोलावली, आणि होळी होऊन गेल्यावर एका आठवड्यात कठडा उभा राहिला. हिरवागार. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा गोळा. फळ्या कुठल्याशा सामानाच्या खोक्यांच्या होत्या, पण रंगाखाली ते कुणाला कळणार? आणि वरच्या पायरीशी, सुवाच्य अक्षरात एक पाटी: ‘कठड्यास हात लावू नये.’

कोंडिबाला थोडं वाचता यायचं. त्यानं पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. गोजराबाई तशीच वाल्मीकच्या खोलीकडं गेली.

"हात लावायचा न्हाई, तर कठडा कशापायी घातलाय?"

"रंग ओला आहे, आजी."

रंग वाळला. पाटी राहिली. गोजराबाई पुन्हा गेली.

"आता वाळला की."

"तपासणी होईपर्यंत जरा सांभाळा," वाल्मीक कागदावरून मान वर न करता म्हणाला. "इतक्या जणांचे तेलकट, चिकट हात रोज लागल्यावर रंगाचं काय राहणार?"

"मग आमी काय धरून उतरायचं?"

"आजपर्यंत काय धरून उतरत होता?"

गोजराबाईनं त्याच्या तेल लावलेल्या भांगापासून चपलांपर्यंत एकदा पाहून घेतलं. रानात बुजगावणं उभं करतात, त्याला निदान पाखरं तरी भितात; हा नेमका कशाच्या उपयोगाचा, असा विचार तिच्या मनात आला. तिनं त्या हिरव्या लाकडाला बोटसुद्धा लावलं नाही. असल्या वस्तूला हात लावायचाच तिला कमीपणा वाटला. ती पूर्वीसारखी बसत, खरडत उतरत राहिली आणि जैनबबीला हाताला धरून नेत-आणत राहिली.

जैनबबीचं तसं नव्हतं. तिला कठड्याचा केवढा आनंद झाला होता! डोळ्यांपुढच्या धुक्यात तिला तो हिरवा पट्टा दिसायचा. "आता मला तुझी हांजी हांजी कराया नको," ती गोजराबाईला म्हणायची. "सकाळच्या पारी तू लोळत पडतीस, आन् मी पोट धरून वाट बगत बसते. आता मी आपली जाईन एकटी."

"पाटी लावलीया, हात लावायचा न्हाई म्हनून."

"पाटी? मला कुटं दिसतीया पाटी?" असं म्हणून जैनबबी खळखळून हसली.

चैत्रातली एक सकाळ. गोजराबाई आडावर तोंड धूत होती. आधी लाकूड मोडल्याचा आवाज आला, मग एक किंकाळी आणि मग काहीच नाही. ती गुडघे विसरून धावली. जैनबबी पायऱ्यांच्या मधोमध, एका अंगावर पडली होती. डावा पाय भलत्याच बाजूला वळला होता. मुठीत एक पांढरा गोळा होता. खांबावरून निसटून तिच्या हातात आलेला. कठड्याचा एक तुकडा तिच्या पाठीवर पडला होता, आणि खांब उपटला तिथं वीतभरही खड्डा नव्हता. दोन ओंजळी मुरूम नुसता वरून थापलेला.

वाल्मीक वरून खाली आला. त्यानं आधी कठडा पाहिला.

"अरे अरे! सगळा मोडला की! पाटी लावलीय ना? वाचता येत नाही का?"

"न्हाई," गोजराबाई म्हणाली. "न्हाई येत. आन् दिसत बी न्हाई. तू इतके दिस सांबाळतोयस तिला, तुला ठावं न्हाई तिला दिसत न्हाई ते?"

"हे बघा, कठड्यावर असा सगळा भार टाकायचा नसतो—"

पुढचं त्याला बोलताच आलं नाही. गोजराबाईनं जैनबबीच्या हातातला तो पांढरा गोळा काढून घेतला आणि त्याच्या परीटघडीच्या सदऱ्यावर फेकून मारला.

पौडचे डॉक्टर आले. त्यांनी पाय चाचपला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलंय, आजच्या आज पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं सांगून ते गेले. वाल्मीकनं हो म्हटलं. मग दुपारच्या एसटीनं माणूस पाठवून लीलाबाईंचा निरोप मागवला. निरोप आला: तपासणी तोंडावर आली आहे. आत्ता दवाखान्यात नेलं तर कशी पडली, कुठं पडली, शंभर प्रश्न निघतील. तेवढी पार पडू दे, मग बघू. वाल्मीकनं कठडा पुन्हा उभा केला, मोडलेल्या जागी खिळे मारले आणि वरून रंगाचा एक हात फिरवला.

जैनबबी खाटेवर पडून होती. पाय सुजून मडक्यासारखा झाला होता. कूस बदलायला गेली की तोंडून ‘या अल्ला’ निघायचं, आणि लगेच ती गोजराबाईला म्हणायची, "काय न्हाई गं. झोप तू." गोजराबाई ओलं फडकं लावायची, भांडं द्यायची आणि वाल्मीकच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बाकीचे जवळ यायचे, च्यक् च्यक् करायचे आणि जेवणाची घंटा झाली की पळायचे. कोंडिबा एकदा म्हणाला, "तपासनी झाली की नेतील म्हनं. जरा दम धरावा." त्याला मग तिनं असं काही फैलावर घेतलं, की त्यानं दोन दिवस त्या खोलीकडं तोंड वळवलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी ती न्हाणीतून वर आली, तर जैनबबीची खाट रिकामी. तिच्यावर धुवट चादर पसरलेली आणि उशीवर एक गुलाब.

मेली, असंच गोजराबाईला वाटलं. ती ओरडायच्या आत स्वयंपाकीण पुटपुटली, "कोठीच्या खोलीत हायेत. वाल्मीकसायबांनी हलवायला लावलं. हितं लई गडबड हुईल म्हनं."

कोठीची खोली म्हणजे मागच्या बाजूला कांद्यांचे ढीग, तेलाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या. मधे जैनबबीची खाट. दोन गड्यांनी उचलून आणताना पायाला धक्का लागला होता; तिचे ओठ पांढरे पडले होते. "बरं हाय हितं," ती म्हणाली. "गार हाय." गोजराबाईनं तिच्या कपाळावरचा घाम पुसला, दार ओढून घेतलं आणि ती बाहेर येऊन उभी राहिली. आता तिला घाई नव्हती.

मोटार आली. लीलाबाई उतरल्या, तपासनीस साहेब उतरले. कोंडिबानं साहेबांना हार घातला. वाल्मीकनं त्याला वाकडा हात मागं लपवायला शिकवलं होतं, त्यामुळं हार एका हातानं, कसाबसा, साहेबांच्या एका कानावर अडकला. साहेब बारीक अंगाचे, बुशकोट घातलेले, पोटदुखीनं गांजलेल्या माणसासारखा चेहरा. त्यांनी खाटा पाहिल्या. भांडी पाहिली. उशीवरच्या गुलाबापाशी थांबून "वा" म्हणाले. मग सगळी वरात पायऱ्यांशी आली.

"हा कठडा," लीलाबाई म्हणाल्या. "आपण सुचवल्याप्रमाणे."

साहेबांनी डोळे बारीक करून वरून खालीपर्यंत नजर फिरवली. "छान. रंगही प्रसन्न आहे. मला आठवतंय, इथं कुणीतरी पडलं होतं."

"आता कुणी पडायचं नाही," वाल्मीक म्हणाला.

साहेबांनी कठड्याला हात लावला नाही. पाटी वाचून त्यांनी हात मागंच घेतला.

गोजराबाई गर्दीतून पुढं झाली. "सायेब, जरा सरका," असं म्हणून तिनं वरच्या पायरीशी असलेला खांब एका हातानं धरला आणि मुळा उपटावा तसा उपटला. फळ्यांसकट, खिळ्यांसकट. मुरूम भुरभुरत खाली पडला. तो खांब तिनं साहेबांच्या बुटांपुढं आडवा टाकला आणि पदराला हात पुसले.

"हा कठडा," ती म्हणाली.

लीलाबाईंच्या गळ्यातल्या मोत्यांचा तेवढा आवाज झाला. वाल्मीकचा चेहरा त्याच्या सदऱ्यासारखा पांढरा पडला. गोजराबाई साहेबांच्या तोंडाकडं पाहत होती. एवढं डोळ्यांपुढं घातल्यावर माणूस काय बोलेल, ते तिला पाहायचं होतं.

साहेबांनी खांबाकडं पाहिलं. मग लीलाबाईंकडं पाहिलं. मग घड्याळाकडं. आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

"लीलाबाई, मानलं तुम्हाला!" ते म्हणाले. "खाण्यापिण्याची आबाळ नाही याचा आणखी काय पुरावा पाहिजे? या वयाची बाई, एका हातानं खांब उपटते!"

आधी लीलाबाई हसल्या. मग वाल्मीक हसला. मग, त्यांचं पाहून, रांगेत उभी असलेली म्हातारी माणसंही हसली. कोंडिबा सगळ्यांत मोठ्यानं.

गोजराबाईला आयुष्यात पुष्कळ माणसांचा तिरस्कार आला होता, पण तो एकेकाचा, सुटासुटा. त्या क्षणी तिला तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाची सारखीच किळस आली. हसणाऱ्या साहेबाची, आणि त्याला हसू देणाऱ्या त्या बोळक्या तोंडांचीही.

"हसून झालं का?" ती म्हणाली. "आता चला. ह्या कठड्यानं काय केलंय, ते दावते."

"आजी, साहेबांना उशीर—" वाल्मीक आडवा आला. तिनं त्याला खांद्यानं बाजूला सारला. साहेबांना जावं लागलं. सगळ्यांदेखत नाही म्हणणं त्यांना बरं दिसलं नसतं. कोठीच्या खोलीचं दार तिनं धाडकन उघडलं. साहेब उंबऱ्याच्या आत गेले नाहीत. कांद्याच्या वासानं की आणखी कशानं, त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"या कोण?"

"जैनबबी मणेर. तुमच्या कठड्याला धरून उतरली. मांडीचं हाड मोडलंय. डागदरानं सांगितलं पुण्याला न्या. हितं कांद्यात ठिवलीया."

साहेब गंभीर झाले. आता ते खरंच काहीतरी बोलणार, असं वाटलं. तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला.

"सायेब, त्येंची काई चूक न्हाई." जैनबबी मान उचलून, आवाजाच्या दिशेनं पाहत होती. "पाटी लावली व्हती. मीच हात लावला. माजीच चूक हाय."

"बघा," साहेब सुटल्यासारखे म्हणाले. "आजी स्वतःच सांगताहेत."

"मोठ्या मनाच्या आहेत," लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांच्या कडा टिपल्या.

"जैनब!" गोजराबाई ओरडली. तिचा आवाज फाटला. "मोडक्या लाकडानं तंगडी मोडली तुझी, आन् तू त्येंची माफी मागतीस? लाज न्हाई वाटत तुला?"

"अगं, पावन्यांपुढं कशाला—"

"पावनं! खड्ड्यात गेलं तुझं पावनं!"

तोवर साहेब आणि लीलाबाई दाराशी नव्हते. मोटारीचं दार उघडल्याचा आवाज आला. गोजराबाई बंगल्याला वळसा घालून फाटकाकडं गेली आणि कमानीखाली, मोटारीच्या तोंडापुढं, भुईवर मांडी घालून बसली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. ती हलली नाही.

"हिला घेतल्याबिगर मोटार हलायची न्हाई," ती म्हणाली. "न्यायची आसंल तर माज्यावरनं न्या. मंग मला बी त्येच दवाखान्यात टाका."

लीलाबाई खिडकीतून समजावू लागल्या. उद्या नेऊ, वेगळी गाडी पाठवू, गाडीच्या बैठकी नव्या आहेत. गोजराबाई त्यांच्याकडं पाहतही नव्हती. रस्त्यावरून माण गावची माणसं बैलगाडी घेऊन निघाली होती, ती थांबली. त्यांच्यामागं पौडच्या बाजाराला निघालेल्या बायका थांबल्या. "काय झालं?" एकीनं विचारलं. गोजराबाईनं सगळं सांगितलं, साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात, काही न गाळता. बायकांनी डोक्यावरच्या भाजीच्या पाट्या खाली ठेवल्या. साहेबांनी ती गर्दी पाहिली, आणि मोटारीतून उतरून वाल्मीकवर खेकसले, "आणा त्यांना! उभे काय राहिलात?" माणसाची दया यायला त्यांना बैलगाडीतले चार साक्षीदार लागले, हे गोजराबाईनं मनात नोंदवून ठेवलं. पण जैनबबी मोटारीत गेली. आडवी, मागच्या बैठकीवर, डोकं गोजराबाईच्या मांडीवर. लीलाबाई आणि साहेब एसटीनं गेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पडल्या दिवशी आणली असती तर हाड नीट बसवता आलं असतं. जैनबबी पाय बांधून पावसाळा उतरेपर्यंत तिथं पडून राहिली, आणि पाय चांगला चार बोटं आखूड घेऊन परत आली. गोजराबाई अधूनमधून पौडहून एसटीनं पुण्याला जाऊन तिला बघून यायची. तिच्यावर रुसली होती तरी जायची. पहिल्या भेटीत तिनं विचारलं होतं, "का म्हनालीस तसं?" "मला वाटलं, मान्यता न्हाई मिळाली तर ह्ये बंद करतील," जैनबबी म्हणाली. "मग मी कुटं जाऊ, गोजरा? तुला घर हाय."

गोजराबाई डबा तिथंच ठेवून फणफणत निघून आली.

मान्यता मिळाली. लीलाबाईंनी निरोप धाडला, की गोजराबाईंनी झाल्या प्रकाराबद्दल माफी मागावी किंवा घरी जावं. "त्यास्नी म्हनावं, काढायला सोता या," गोजराबाई वाल्मीकला म्हणाली. "मी पुन्यांदा फाटकात बसते." लीलाबाई आल्या नाहीत. हिरवा कठडा मात्र पायऱ्यांवर नव्हता. त्याचं काय झालं, ते एकदा तिला कोठीत कांदे आणायला गेल्यावर दिसलं. वाल्मीकनं तो सुटा करून, पोत्यात गुंडाळून, नीट भिंतीशी लावून ठेवला होता. पुढच्या तपासणीला लागणार म्हणून.

पायऱ्या पहिल्यासारख्या झाल्या, आणि आता त्यांच्यावर शेवाळ धरलं होतं. जैनबबी एका काठीवर, एका आखूड पायानं, वरच्या पायरीशी येऊन उभी राहायची आणि परत फिरायची. ते चार दिवस पाहिल्यावर गोजराबाईनं लुगडं बदललं आणि रिह्याची वाट धरली.

बहिरू खळ्यावर होता. तिला पाहून त्याच्या हातातली भाताची पाटी खाली पडली.

"नानी?"

"आत येत न्हाई," ती बांधावरूनच म्हणाली. "मागल्या रानातलं ऐनाचं वासं हायेत ना, मी तोडून ठिवल्यालं? त्ये पायजेत. आन् तुझी पहार, आन् गाडी. पायऱ्यांना कठडा घालायचाय. कमरंएवढं खड्डं घ्यायचं, दगड ठासून. हाताला धरून हत्ती उतरला तरी हलता कामा न्हाई."

तिला वाटलं होतं, हा आता डोकं खाजवेल, बायकोकडं पाहील, भाताची कापणी पुढं करील. बहिरूनं डोकं खाजवलं. बायकोकडंही पाहिलं. मग म्हणाला, "उद्याच्याला आलो तर चालंल का?"

तो आला. गाडीभर वासे, पहार, आणि बरोबर चुलतभाऊ कुशाबा. दोघं दिवसभर खडकात खड्डे घेत होते. वाल्मीक वरून म्हणाला की परवानगी घ्यायला पाहिजे, आणि निदान रंग तरी हिरवा असू दे. बहिरूनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. पहार हातात असलेल्या माणसानं पाहिल्यावर वाल्मीक आत गेला. गोजराबाई पायरीवर बसून होती. तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता: खड्डा उथळ हाय, वासा वाकडा हाय, तुला जल्मात कधी सरळ काम जमलं का. बहिरू "व्हय नानी, व्हय नानी" करत होता. हा तोच ओल्या सरपणाचा माणूस, आणि याच्या हातून खडक फुटत होता. तिला ते पाहून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिनं त्याला आणखी दोन शिव्या घातल्या.

काम संपल्यावर कोंडिबा पहिला उतरला, वाकड्या हातानं वासा घट्ट धरून. मग एकेक करून बाकीचे. जैनबबी उतरली नाही. तिनं वाशावर बोटं टेकवली आणि विस्तव लागल्यासारखी मागं घेतली.

"मला भ्या वाटतंय," ती म्हणाली.

"अगं, ऐनाचं लाकूड हाय! हलवून बघ!" गोजराबाईनं दोन्ही हातांनी वासा धरून हिसडला. तो हलला नाही. "बघ! मी एवढी उपटतीया तरी येत न्हाई!"

"व्हय. पर भ्या वाटतंय."

गोजराबाई वासा सोडून वरच्या पायरीवर बसली आणि जैनबबीला शेजारी ओढून बसवलं. दोघी बसून, खरडत, एकेक पायरी खाली निघाल्या. जैनबबीच्या आखूड पायाखाली गोजराबाई दर पायरीला आपला हात देत होती आणि जगातल्या भित्र्या माणसांना तोंडभर नावं ठेवत होती.

बहिरू गाडी जुंपून थांबला होता. त्या वर आल्यावर तो चाचरत म्हणाला, "नानी, घरी चल की आता. ती बी म्हनत व्हती."

"कोण ती? मला ‘खायाचं आन् बसायचं’ म्हननारी?"

बहिरू बैलाच्या मानेवरचं जू उगाच सारखं करू लागला.

"न्हाई येत," गोजराबाई म्हणाली. "हितं लई काम हाय. न्हाणीची फरशी बघ, तेल सांडल्यागत गुळगुळीत. ती खरबडायची. आन् आतनं धरायला एक वासा. पहार ठिवून जा, आन् येत्या बाजारच्या दिशी छिन्नी घिऊन ये. लवकर ये. मागल्यासारखं ऊन वर आल्यावर नगं."